हरकती व सूचना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक टाइपात एक जाहीर सूचना येते. अमुक आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं आहे, नकाशा कार्यालयात पाहायला मिळेल, नागरिकांनी इतक्या दिवसांत हरकती व सूचना लेखी द्याव्यात. आयुष्यात एकदा तरी अशी हरकत कोणी दिली आहे का, असं ऑफिसात विचारून पाहिलं. शून्य! आणि हे सगळे मिहानच्या आसपास फ्लॅट बघत फिरणारे लोक बरं का. कार्पेट एरिया तोंडपाठ, पण समोरच्या मोकळ्या जागेवर नकाशात काय दाखवलंय ते कोणालाच ठाऊक नाही.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हा: राहणाऱ्या माणसाला आपल्या भागाच्या नकाशात तोंड घालायचा हक्क कधी मिळाला, आणि मिहानमध्ये त्याचं काय झालं?

सुरुवात १८९४ च्या भूसंपादन कायद्यापासून. मूळ कायद्यात मालकाने भांडायचं ते फक्त मोबदल्यावरून. "जमीन घेऊच नका" म्हणायची सोयच नव्हती. ती कलम ५-अ मधून आली १९२३ साली. तेव्हा मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह दोन वर्षं चालू होता. धरण झालंच.

मुंबई इलाख्यात मात्र याच काळात दुसरी एक वाट निघाली होती, आणि मला ती फार हुशारीची वाटते. १९१५ चा नगररचना कायदा, भारतातला या विषयावरचा पहिलाच. त्यात 'नगररचना योजना' नावाची युक्ती आहे. एका भागातल्या सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि बागांसाठी प्रत्येकाकडून थोडी कापून घ्यायची, आणि उरलेली नव्या आकाराच्या प्लॉटच्या रूपात त्याच मालकाला परत द्यायची. मालक जागेवरच राहतो आणि वाढलेल्या भावात त्याचा वाटा राहतो. गुजरातने ही रीत पुढे जोरात वापरली. आपल्या १९६६ च्या एमआरटीपी कायद्यातही ती आहे, पण महाराष्ट्राने तिच्याकडे बरीच वर्षं पाठ फिरवली.

नागपूर तर तेव्हा मध्य प्रांतात. आपल्याकडे १९३६ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, म्हणजे आपली नासुप्र. ट्रस्टची पद्धत सरळ: जमीन घ्या, ले-आउट पाडा, प्लॉट विका. पण ज्यांना हे प्लॉट परवडले नाहीत ते काय करणार? त्यांनी शेतकऱ्याकडून तुकडे घेतले, सोसायट्या काढल्या, घरं बांधली. आधी घर, मग रस्ता, शेवटी गटार! २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर यातली बरीच वस्ती नियमित करायला घेतली. '५७२ आणि १९०० ले-आउट' हे आकडे जुन्या नागपूरकराला सांगावे लागत नाहीत. माझ्या मते शहराच्या नियोजनात लोकांनी घेतलेला सगळ्यात मोठा भाग हाच. फक्त तो आराखड्याच्या बाहेर घेतला.

आता मिहान. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, म्हणजे एमएडीसी, स्थापन झाली. साधारण चार हजार हेक्टरांचा प्रकल्प: विमानतळाचा विस्तार, कार्गो हब, सेझ, टाउनशिप. शिवणगाव, चिंचभवन, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही ही गावं नकाशावर आली ती 'संपादित क्षेत्र' म्हणून. ही कंपनीच इथलं विशेष नियोजन प्राधिकरण. आता गंमत बघा. महापालिकेचा आराखडा वाईट निघाला तर निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता येतं. कंपनीच्या संचालक मंडळाला मिहानमधलं कोणी मत देत नाही. ज्यांच्यासाठी सिस्टिम बनवायची त्यांना न विचारता रिक्वायरमेंट लिहायच्या, असला प्रकार. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, वाढीव मोबदला मागितला, पुनर्वसनासाठी भांडले. पण बोलणी झाली ती भाव काय आणि प्लॉट कुठे यावर. धावपट्टी कुठून न्यायची, गावठाण वाचवता येईल का, हे प्रश्न टेबलावर आलेच नाहीत. म्हणजे एका अर्थाने आपण १९२३ च्याही मागे.

दुसरं काही शक्य होतं का? होतं की. पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र केले, २००० साली स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. आयटी पार्क उभं राहिलं, भाडं शेतकऱ्यांच्या घरी येत राहिलं. अर्थात तिथे बहुतेक कुटुंबं एकाच आडनावाची, नात्यागोत्यातली, आणि जमीन शहराला लागून. नऊ-दहा गावांत, वेगवेगळ्या जातींत आणि भूमिहीन मजुरांसकट हे जमलं असतं का? मला शंका आहे. मजुराकडे एकत्र करायला जमीनच नसते.

आणि रायगड. पेण तालुक्यातल्या २२ गावांमध्ये महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ ला सरकारनेच मतदान घेतलं. शेतकरी रांगा लावून आले. निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केलाच नाही! पुढे तो सेझ बारगळला.

२०१३ च्या नव्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आली. लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. मिहानची बहुतेक जमीन तोवर गेलेली होती.

असो. खापरी हे नाव आता मेट्रोच्या स्टेशनला आहे, २०१९ पासून. सकाळी तिथे उतरणाऱ्या गर्दीत आपण असतो, टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसचे बिल्ले गळ्यात घालून. यातले काही जण हळूहळू इथेच राहायला येतायत. पाणी, बस, शाळेची जागा, यासाठी त्यांनाही कंपनीकडेच अर्ज करावा लागेल, शिवणगावच्या लोकांनी ज्या दारात केले त्याच दारात. पुढचा फेरबदल निघेल तेव्हा सूचना त्याच आतल्या पानावर येईल.