आतंकनिग्रह गोळ्यांपासून रीलपर्यंत

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण वाचा. कारण यात एक चूक माझी स्वतःची आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या या पेजवर मी एक व्हिडिओ टाकला होता. "शुगरची गोळी कायमची बंद" असं नाव होतं. बाहेरगावच्या एका दवाखान्याचं शिबिर आपल्या तालुक्यात लागलं होतं. त्यांचा माणूस आला, पाकीट दिलं, मी डॉक्टरांची दहा मिनिटांची मुलाखत घेतली. खाली 'जाहिरात' असं लिहिलं नाही. छान चालला व्हिडिओ. चाळीस-पन्नास जणांनी तर फोन नंबर मागितला.

त्यात आमच्याच गल्लीतल्या एक काकू होत्या. शिबिरात गेल्या, तीन महिन्यांची पावडर घेतली आणि इन्शुलिन बंद केलं. पायाला साधी चप्पल चावली होती, ती जखम चिघळली. शेवटी सरकारी दवाखान्यात अंगठा काढावा लागला. भेटायला गेलो तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "तुझा व्हिडिओ बघून गेले रे. म्हटलं, आपला पोरगा खोटं कशाला सांगेल."

त्या रात्री झोप लागली नाही. व्हिडिओ काढून टाकला, पण काढून टाकल्यानं काय होतं? मग पत्रकाराला जमतं ते केलं. जुनी वर्तमानपत्रं, कायदे, कोर्टाचे निकाल वाचत बसलो. हे असं कधीपासून चाललंय, हे बघायचं होतं.

तर हे मोबाईल आल्यापासून चाललेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपासून चाललंय, आणि त्यात आमचा, म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांचा हात पहिल्यापासून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कुठलाही मराठी अंक उघडा. बातम्यांच्या शेजारी औषधांच्या जाहिराती दिसतील. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या तर देशभरातल्या भाषांत झळकायच्या. अशक्तपणा, धातुविकार, स्त्रियांचे आजार, स्मरणशक्ती अशा सगळ्यांवर काही ना काही औषध होतंच. व्ही.पी.नं माल घरपोच, म्हणजे आजच्या भाषेत कॅश ऑन डिलिव्हरी. त्या काळात खेड्यात डॉक्टर नव्हता, पण पोस्टमन होता. रोग लाजेचा असेल तर पाकिटातून येणारं औषध बरंच वाटायचं. जाहिरातदारांना माणसाची ही नस तेव्हाच सापडली होती.

सगळेच फसवे होते असं नाही. पनवेलची धूतपापेश्वर १८७२ ची, मुंबईची झंडू १९१० ची. औषधं कारखान्यात बनवून गावोगाव विकायची तर छापील जाहिरात लागणारच. अमृतांजनची गोष्ट तर आमच्या धंद्यातल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत हा बाम काढला. त्यात पैसा मिळाला आणि १९०८ मध्ये याच गृहस्थांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. बामच्या पैशावर वर्तमानपत्र उभं राहिलं. आमची कित्येक वर्तमानपत्रं पुढं औषधांच्या जाहिरातींवरच जगली, फक्त बोललं कुणी नाही.

आता याच काळातला दुसरा माणूस बघा. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. पेशानं गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी क्लिनिक उघडलं तेही त्याच साली. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. लोक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि कर्वे छापून उत्तर द्यायचे. जे घरात कुणाला विचारता येत नाही ते तिथं विचारायचं. आजच्या इनबॉक्ससारखंच.

त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते अश्लील कसं, असा त्यांचा सवाल होता. तरी खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांची आठवण मुद्दाम काढली. ते डॉक्टर नव्हते. आरोग्याचा प्रचार तेही करत होते, गोळ्यावालेही करत होते. मग फरक काय? कर्वे लोकांची भीती कमी करायचे, गोळ्यावाले ती वाढवायचे. कर्व्यांनी नोकरी घालवली, दंड भरला. गोळ्यावाल्यांनी नफा कमावला. आणि खटला कुणावर झाला, ते वर वाचलंतच. आरोग्यावर जाहीर बोलणं वाईट, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं १९५४ मध्ये कायदा केला. नाव लांबलचक, थोडक्यात 'जादुई उपाय कायदा'. ठरावीक रोगांची यादी करून हे रोग बरे करण्याच्या औषधांची जाहिरातच करायची नाही, असं त्यात आहे. यादीत कर्करोग, क्षय, मोतीबिंदू, फेफरं, लकवा, लठ्ठपणा आहे. उंची वाढवणंही आहे. आणि हो, मधुमेह आहे. ताईत, मंत्र, कवच यांवरही बंदी.

या कायद्यातल्या दोन गोष्टींनी मला दचकवलं. पहिली, जाहिरातीची व्याख्या. छापील कागद, लेबल, तोंडी घोषणा तर आहेच, पण प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्यानं केलेली घोषणाही जाहिरातच. १९५४ साली लिहिलंय हे राव! मोबाईलच्या पडद्यावर प्रकाश आणि ध्वनी नाही तर दुसरं काय असतं? दुसरी गोष्ट, गुन्हा फक्त औषधवाल्याचा नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कुणीही कसलाही भाग घ्यायचा नाही, असे शब्द आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे कॅमेरा धरून प्रश्न विचारणारा मीसुद्धा त्यात आलो.

या कायद्याविरुद्ध हमदर्द दवाखाना सुप्रीम कोर्टात गेला. जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य आहे, असं म्हणणं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. कोर्टानं एक-दोन तरतुदी काढल्या, पण मुख्य कायदा उचलून धरला. औषध खपवण्यासाठी केलेली असली जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, असं ठरलं.

कायदा झाला, पण रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंती काही कोऱ्या झाल्या नाहीत. गुप्तरोग, मूळव्याध, निपुत्रिक यांच्या पाट्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. यात्रेत जडीबुटीचा तंबूही बघितलाय. मी धंद्यात नवा होतो तेव्हा दिवाळी अंकासाठी अशा जाहिराती आणल्यात आणि कमिशनही घेतलंय. लपवत नाही.

ऐंशीच्या दशकात जाहिरातीनं गर्भापर्यंत मजल मारली. आज थोडे पैसे खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती गर्भलिंग तपासणीसाठी उघड व्हायच्या. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, त्यात जाहिरातीवर स्पष्ट बंदी. पुढं हीच जाहिरात इंटरनेटवर आली. डॉ. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाद मागितली. खटला २०१७ पर्यंत चालला. भिंतीवरची पाटी पुसायला एक बादली चुना पुरतो, पडद्यावरची पुसायला नऊ वर्षं लागली.

आता डॉक्टरांच्या नियमांकडे. मेडिकल कौन्सिलची २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायची नाही. नवीन दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, गावाला गेलो, परत आलो, फी किती, एवढं वर्तमानपत्रात सांगायला हरकत नाही. बोर्डसुद्धा फार मोठा नको. पण सार्वजनिक आरोग्यावर लिहायला, रेडिओ-टीव्हीवर आणि 'इंटरनेट चॅट'वर बोलायला मोकळीक आहे. हो, २००२ मध्येच इंटरनेट चॅट लिहिलेलं आहे.

२०१६ मध्ये जिओ आलं, २०२० मध्ये टिकटॉक गेलं आणि रील्स आल्या. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये फोनवरून डॉक्टरी सल्ल्याचे अधिकृत नियम निघाले. डॉक्टरला पडद्यावर बघायची सवय लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सोशल मीडियासाठी नियम काढले. लाइक-फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत, पेशंटचे फोटो, ऑपरेशनचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, बरं झाल्याचे अनुभव मागून घ्यायचे नाहीत. तीन आठवड्यांत हे नियम स्थगित झाले. त्याच महिन्यात ग्राहक व्यवहार खात्यानं आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या.

आणि पतंजलीचं प्रकरण तर ताजंच आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. माफीचा आकार जाहिरातींएवढाच आहे का, असं कोर्टानं विचारलं होतं. मे महिन्यात कोर्टानं हेही सांगितलं की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला चेहरा देणारे तितकेच जबाबदार आहेत.

आकाराचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माझा व्हिडिओ दहा मिनिटांचा होता आणि तुमच्यापैकी हजारोंनी बघितला. म्हणून ही पोस्ट एवढी लांब आहे.

डॉक्टरांनी सोशल मीडियावर येऊच नये असं मी म्हणत नाही. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात या, हे सांगणारा डॉक्टर आपल्याला हवाच आहे. तालुक्याचे काही डॉक्टर रात्री दवाखाना बंद करून असे व्हिडिओ करतात, त्यांना सलाम. ओळखायचं कसं, तर माझ्या पुरतं मी ठरवलंय. "कायमचं बंद", "शंभर टक्के", "एकच इलाज" असं म्हणणाऱ्यापासून लांब. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक न सांगणाऱ्यापासून लांब. बरा झालेला पेशंट कॅमेऱ्यासमोर उभा करणाऱ्यापासूनही लांब. आणि चालू गोळी किंवा इन्शुलिन आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही व्हिडिओवरून बंद करायचं नाही. माझ्यासुद्धा.

संशय आला तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, औषधाच्या जाहिरातीची अन्न व औषध प्रशासनाकडे. अर्ज लिहायला जमत नसेल तर माझ्याकडे या, लिहून देतो.

या पेजवर इथून पुढं दवाखान्याचं पाकीट घेऊन मुलाखत होणार नाही. मागच्या आठवड्यात एक पोरगा पॅकेज घेऊन आला होता. महिन्याला चार रील आणि दोन पेशंटचे अनुभव. चहा पाजून परत पाठवला.

काकूंना ही पोस्ट टाकायच्या आधी वाचून दाखवली. त्यांची परवानगी आहे. म्हणाल्या, "नाव नको टाकूस. पण अंगठ्याचं लिही."