लिनक्सचा आवाज: एकाच्या हक्कापासून सगळ्यांच्या मेळापर्यंत

मंडळी, आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे. दोन्ही आवाज मिळूनच कीर्तन व्हायचं. लिनक्सवर सुरुवातीला तसं नव्हतं. १९९२ पासून चालत आलेल्या ओएसएसमध्ये साउंड कार्ड बहुधा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळे. गाणं चालू, तर दुसऱ्यानं गप्प बसायचं! पुढे ओएसएसच्या नव्या आवृत्त्या बंदिस्त परवान्याखाली गेल्या. खुलं आल्सा १९९८ पासून घडत होतं. २००३ च्या २.६ कर्नलमध्ये ते आलं. २००७ मध्ये फेडोरा ८ नं पल्सऑडिओ घेतलं, मग प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. २०२१ मध्ये फेडोरा ३४ पाइपवायरवर गेलं. सांगायचं एवढंच: कोड खुला राहिला, तरच पुढचा माणूस तो सुधारू शकतो.