कोतवाल बुक : एका नोंदवहीची कुळकथा

धुळे, शिरपूर किंवा अमळनेर येथील तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जातीच्या पुराव्यासाठी जी जुनी वही हमखास मागितली जाते, ती म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, अर्थात गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही; लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पूर्वजांचा माग काढण्याचे ती आज प्रमुख साधन असली, तरी त्या हेतूने ती निर्माण झालेली नाही. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला, त्यावरून पुढच्या वर्षी मुंबईसह तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले, आणि पटकी, देवी किंवा तापाने कोठे किती माणसे दगावली हे कळल्यावाचून बंदोबस्त करता येत नसल्याने जन्म-मृत्यूंची खबर ठेवण्याचे काम गावकामगारांच्या अंगावर आले.

त्यापूर्वी कुळाची स्मृती भाटाच्या वहीत आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या चोपड्यांत, जपली जात असे. परंतु तेथे बहुधा पुरुषांचीच नावे चढत, आणि ज्याला भाट नाही व यात्रेची ऐपत नाही, त्याची ओळ कोठेच उमटत नसे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यात निधन झाल्यानंतर तेथेच उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने मोडी कागदपत्रे जतन करून मोठे कार्य केले, तथापि जुन्या दप्तरांत मुख्यतः सत्तेशी आणि वतनाशी जोडलेली कुळे भेटतात. सालदार, जागल्या आणि चार दिवसांत दगावलेली मुलगी यांना सारखीच एक ओळ देणारी वही म्हणून कोतवाल बुकाचे मोल फार मोठे आहे.

मात्र ती वाचणे सोपे नाही. जन्माची वर्दी बारशाआधीच दिली जात असल्याने बाळाचे नाव सहसा नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आढळते. आडनावही पुष्कळदा नसते, बापलेकांची नावे ‘बिन’ किंवा ‘वलद’ या ‘चा मुलगा’ अशा अर्थाच्या शब्दांनी जोडलेली असतात, आणि जुनी पाने मोडीत असतात. त्यामुळे ही नोंद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी आणि जमिनीच्या हक्कनोंदीशी ताडून पाहिल्याखेरीज नाते सिद्ध होत नाही.

१९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली, तरी जुन्या वह्यांचे महत्त्व कमी झाले नाही, कारण जात पडताळणीत अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचकांना पुन्हा मागणी आली. ज्या कुटुंबाला अशी नोंद सापडेल, त्याने केवळ नक्कल घेऊन न थांबता गाव, साल, पान आणि अनुक्रमांक घरच्या वंशावळीवर लिहून ठेवावेत, आणि वहीचे जीर्ण पान उलटताना हात हलका ठेवावा.