हॅरिएट हॉस्मरचा 'पक' : एका खोडकर पुतळ्याची बदलती प्रतिष्ठा

थ्रेड 🧵

१/ भूछत्रावर बसलेले एक पंखधारी, गुबगुबीत मूल. एका हातात सरडा, दुसऱ्यात भुंगा; आणि तो भुंगा आता कोणावर तरी भिरकावणार, असा आविर्भाव. शेक्सपिअरच्या नाटकातील परीलोकीचा हा खोडकर 'पक' संगमरवरात घडवला अमेरिकन शिल्पकर्ती हॅरिएट हॉस्मर हिने.

२/ हॉस्मरचा जन्म १८३०चा, मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊनचा. शिल्पकलेसाठी शरीररचनेचे ज्ञान अनिवार्य. ते तिने सेंट लुईस येथे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकाकडून मिळवले. १८५२मध्ये ती रोमला जाऊन जॉन गिब्सन या ख्यातनाम शिल्पकाराची शिष्या झाली.

३/ दोनच वर्षांत वडिलांची आर्थिक स्थिती खालावली. रोममध्ये टिकायचे तर खपेल असे काही घडवणे भाग होते. 'पक' जन्मला तो या निकडीतून.

४/ तो विलक्षण लोकप्रिय ठरला. सुमारे ३० प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते. एक प्रत खुद्द इंग्लंडच्या युवराजाने घेतली.

५/ इतक्या प्रती निघत कशा? शिल्पकार मातीची मूळ प्रतिमा घडवी, तिचा प्लास्टरचा साचा होई आणि कुशल कारागीर मापे घेऊन ती संगमरवरात उतरवीत. पुरुष शिल्पकारांच्या कार्यशाळाही अशाच चालत.

६/ तरीही १८६२मध्ये तिची भव्य 'झेनोबिया' लंडनच्या प्रदर्शनात झळकली आणि पुढच्याच वर्षी छापून आले की, हे काम तिचे नव्हेच, एका इटालियन कारागिराचे! हॉस्मरने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा माघार छापली गेली. १८६४मध्ये तिने लेख लिहून ही सारी प्रक्रियाच वाचकांपुढे उलगडली.

७/ पुढे अभिरुची पालटली. शुभ्र संगमरवर निर्जीव वाटू लागला. १९०३मध्ये हेन्री जेम्सने रोममधील या अमेरिकन शिल्पकर्तींना थट्टेने कळपाची उपमा दिली. 'पक' आता दिवाणखान्यातील गोंडस शोभेची वस्तू ठरला.

८/ १९७०नंतर स्त्रीवादी कलेतिहासकारांनी हॉस्मरकडे पुन्हा वळून पाहिले. ज्या खपामुळे 'पक' हलका ठरला होता, तोच खप आता महत्त्वाचा पुरावा झाला : एकोणिसाव्या शतकातील एक अविवाहित स्त्री स्वतःच्या कलेवर स्वतःची कार्यशाळा चालवू शकली.

९/ माझ्या मते 'पक'ला 'झेनोबिया'पासून वेगळे काढणेच चूक. त्या राणीच्या भव्यतेमागे या खोडकर पोराची कमाई उभी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालयात 'पक'ची एक प्रत आहे. कधी योग आला, तर त्याच्या हातातील भुंगा अवश्य पाहा.