सावडीतले संगणक

जड नांगराला सहा-आठ बैल लागत आणि साधारण कुणब्याच्या दावणीला एकच जोडी असे. तेव्हा चार घरचे बैल एकत्र जुंपून आज याचे, उद्या त्याचे रान नांगरायचे, ही सावडीची रीत महाराष्ट्रात फार जुनी. बैल ज्याचा त्याचाच राही. एकत्र होई ती त्यांची ओढ. चेन्नईच्या विज्ञानसंस्थांत गेल्या अर्धशतकात संगणक कसकसे आले हे पाहू लागले, की या रीतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आरंभी सावडीचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र एकच होते. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या मद्रासच्या आय.आय.टी.त १९७३ साली आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक बसला. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी. एखादा स्वल्पविराम चुकला, तर पुन्हा रांगेच्या शेपटाशी जावे. गैरसोय पुष्कळ होती, पण ‘माझे यंत्र’ असे म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती.

ती सोय स्वस्ताईने केली. १९९४ मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह उभा केला. महासंगणकाचे काम अशा जोडकामातूनही होते, हे एकदा दिसल्यावर एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या अनुदानातही आपला क्लस्टर बसू लागला.

चेन्नईत याचे ठळक उदाहरण तारामणीच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस या संस्थेत घडले. अल्लादी रामकृष्णन यांनी १९६२ मध्ये स्थापिलेली ही संस्था खडू-फळ्यावर चालणाऱ्या सिद्धांताची म्हणून ओळखली जाई. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हिमालयातील एका शिखराचे नाव देऊन ‘कबरू’ हा समूह उभारला. त्यात प्रत्येकी दोन प्रोसेसरांचे १४४ संगणक होते, आणि जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. पण खरे कौतुक त्याच्या जोडणीचे आहे. अणुगर्भातील क्वार्कांचे गणित अवकाशकालाची जाळी कल्पून मांडतात, आणि जाळीतील प्रत्येक बिंदूचा व्यवहार मुख्यतः शेजाऱ्यांशीच असतो. म्हणून कबरूतील प्रत्येक संगणक सहा शेजाऱ्यांशी जोडला होता. ज्याला आपले गणित ठाऊक आहे त्याला यंत्र आपल्या मापाचे हवे असते, आणि हा हट्ट काही अहंकाराचा नव्हे.

सगळेच समूह मात्र असे भाग्यवान नसतात. विभागाच्या कोपऱ्यातील खोलीत दहा-वीस संगणक घरघरत असतात. त्यांची निगा एखादा संशोधक विद्यार्थी राखतो, आणि तो पदवी घेऊन गेला की यंत्र पोरके होते. प्रबंध लिहिण्याच्या महिन्यांत ते रिकामे असते, आणि शेजारच्या विभागातील कुणी त्याच महिन्यांत सामाईक समूहाच्या रांगेत खोळंबलेला असतो. शिवाय चेन्नईचा उन्हाळा! वातानुकूलन बंद पडले, तर ती खोली भट्टीच होते.

यावरील उपाय सावडीचाच. गटाने आपल्या पैशाने नोड घ्यावेत, ते विद्यापीठाच्या सामाईक समूहात बसवावेत. खोली, वीज, थंडावा आणि देखभाल विद्यापीठाने द्यावी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००८ मध्ये ‘स्टील’ हा समूह अशाच वर्गणीतून उभारला. ज्याने जेवढे नोड घेतले, तेवढ्यांवर त्याचा पहिला हक्क. ते रिकामे असता इतरांनी वापरावेत.

आपल्याकडे इथेच कागदाचा प्रश्न उभा राहतो. केंद्रशासनाच्या वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानातून घेतलेली मालमत्ता अनुदान देणाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून विकता येत नाही, की मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामाला लावता येत नाही. म्हणजे गट ज्याला ‘आमचे’ म्हणतो, ते त्याच्याकडे विश्वस्ताच्या नात्याने असते. मग रात्री रिकामा पडलेला नोड शेजाऱ्याच्या गणिताला दिला, तर तो नियमभंग काय? हा नियम दुरुपयोग रोखण्यासाठी आहे, यंत्र निजवून ठेवण्यासाठी नाही. तरीही उत्तर हिशेबतपासनिसाच्या सद्बुद्धीवर सोडणे बरे नव्हे. प्रकल्पाच्या मूळ प्रस्तावातच यंत्र सामाईक समूहात बसेल आणि गटाला अग्रक्रम राहील, असे लिहून मंजुरी घ्यावी.

भांडणे होतात ती पुढच्या कलमांवर. हमीची मुदत संपल्यावर मंदावलेला नोड किती वर्षे जागा अडवणार? मालकाचे काम आले की पाहुण्याचे काम तत्काळ थांबवायचे, की पुरे होऊ द्यायचे? पुष्कळ ठिकाणी पाहुण्या कामाला काही तासांची मर्यादा घालतात. लांबलचक गणिताने अधूनमधून आपली स्थिती टिपून ठेवावी, म्हणजे मालक आल्यावर बिछाना गुंडाळून उठता येते आणि जागा रिकामी झाली की तिथूनच पुढे सुरू करता येते.