खाटेवरून उठवण्याची विद्या

इंग्लंडात दारिद्र्य कायद्याखाली चालणाऱ्या वर्कहाउसांना, म्हणजे निर्धनांना आसरा देऊन सक्षमांकडून काम करून घेणाऱ्या संस्थांना, जोडलेल्या रुग्णालयांत जुनाट आजाराचे म्हणून दाखल झालेले वृद्ध वर्षानुवर्षे खाटेवरच पडून असत, आणि त्यांना स्वच्छ ठेवणे, भरवणे व गादीवर निजवून ठेवणे यातच सेवेची इतिश्री मानली जाई. आयझलवर्थच्या अशाच एका रुग्णालयाचा भार 1935 मध्ये शेजारच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे आला, तेव्हा डॉ. मार्जरी वॉरन यांच्या वाट्याला 714 रुग्ण आले. त्यांनी एकेकाची नव्याने तपासणी करून हिंडूफिरू शकणारे, अंथरुणाला खिळलेले, मलमूत्रावर ताबा नसलेले, भ्रमिष्ट अशी वर्गवारी केली. तीतून असे उघड झाले की अनेकांचे सांधे आखडण्यास व स्नायू झिजण्यास मूळ रोगापेक्षा ही सक्तीची विश्रांतीच अधिक कारणीभूत होती.

वॉरन यांनी औषधांपेक्षा हालचालीवर भर दिला. रुग्णाला खाटेच्या कडेला बसवणे, पाय जमिनीवर टेकवणे, आधाराने उभे करणे आणि कपडे स्वतःचे स्वतः घालू देणे ही कामे वरकरणी साधी दिसली तरी त्यांत घाई करून चालत नाही, कारण सेविकेने चटकन बटणे लावून दिली की रुग्णाची सवय सुटते. यासाठी डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि रुग्णाच्या घरची व्यवस्था पाहणारी समाजसेविका यांनी एकत्र काम करावे, तसेच हे कक्ष सर्वसाधारण रुग्णालयातच असावेत, असा आग्रह त्यांनी 1943 व 1946 मधील लेखांतून धरला. पुढे त्यांच्या विभागाला 714 ऐवजी सुमारे 240 खाटा पुरू लागल्या. वृद्धांवरील वैद्यकाला इंग्लंडात जे स्थान मिळाले त्याचे श्रेय बहुधा डॉक्टरांच्या नावे मांडले जाते. रोज उठवण्या-बसवण्याचे श्रम मात्र परिचारिकांचे होते.

या श्रमांना शास्त्राची जोड दिली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाखाली कातडी कुजून होणारी जखम, टाळण्यासाठी तोवर स्पिरिट व नाना मलमे चोळण्याचा प्रघात होता. नॉर्टन व सहकाऱ्यांच्या 1962 च्या अभ्यासाने मलमांची मातब्बरी कमी करून ठरावीक वेळाने कूस बदलण्याचे महत्त्व दाखवून दिले. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, वावर, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देऊन, एकूण 14 किंवा त्याहून कमी भरल्यास रुग्णाला धोका आहे असे धरणारी त्यांची मोजपट्टी अनेक देशांत वापरली गेली, आणि परिचारिकेच्या नजरेला जे आधीपासून दिसत होते ते रुग्णाच्या नोंदीत आकड्याने उतरू लागले.