मेपलची साखर आणि तिचे वारसदार

गुऱ्हाळ म्हटलें कीं काहिली, चुलाणांत धडधडणारा जाळ आणि उसाचें कांडें हातीं घेऊन भोंवतीं उभीं राहिलेलीं मुलें, असें चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतें. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागांत ऊस होत नाहीं. तेथें हिवाळ्यांत रानेंच्या रानें बर्फाखालीं गाडलीं जातात. तथापि त्या प्रदेशांतही दरवर्षीं असेंच एक गुऱ्हाळ लागतें. फरक इतकाच कीं, तेथला रस उसाचा नसून मेपल नांवाच्या उंच वृक्षाचा असतो. ऊस वर्षा-दीड वर्षांत तोडणीस येतो. मेपलचें खोड रस काढण्याजोगें जाड होण्यास सुमारें ४० वर्षें लागतात. जो रोपटें राखतो त्याच्या वांट्यास बहुधा त्याचा रस येत नाहीं, आणि जो रस काढतो त्यानें तें रोपटें राखलेलें नसतें. आजोबांनीं आंबा लावावा आणि नातवानें फळ खावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

रस काढण्याचा मोसम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलांत संपतो. रात्रीं पाणी गोठावें व दिवसा बर्फ वितळावें, असे चार-सहा आठवडेच या कामाचे. थंडी आणि ऊब यांच्या या पाळीमुळें खोडांत दाब उत्पन्न होतो, आणि सालींतून छिद्र पाडलें असतां रस थेंबथेंब गळूं लागतो. कळ्या फुटूं लागल्या कीं रसाची चव बिघडते. हा रस दिसण्यांत पाण्यासारखा असतो; त्यांत साखरेचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास. ४० लिटर रस आटवावा तेव्हां कोठें एक लिटर पाक पदरांत पडतो. हा पाक म्हणजे आपल्या काकवीचा भाऊबंद. तो आणखी आटवून घोटला म्हणजे साखर होते. एका छिद्रांतून साऱ्या मोसमांत सुमारें ४० लिटरच रस निघतो. इतक्या थोड्या प्राप्तीसाठीं बर्फांतून खेपा घालणें आणि रात्र रात्र चुलीपाशीं जागणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. त्याला सगळें घर लागतें. ही साखर पहिल्यापासून कुटुंबाची होऊन बसली, तिचें कारण हेंच.

गोरे लोक त्या भूमीवर येण्यापूर्वींपासून तेथील मूळ रहिवासी हा रस गोळा करीत आले आहेत. मोठ्या सरोवरांच्या परिसरांतील ओजिब्वे लोकांचा परिपाठ फ्रान्सिस डेन्स्मोर या विदुषीनें १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत नोंदवून ठेवला आहे. प्रत्येक कुटुंबाचें, किंवा दोन-तीन कुटुंबांचें मिळून, मेपलचें एक ठरलेलें रान असे. वसंताची चाहूल लागतांच मंडळी तेथें मुक्कामास जात. झोंपडीचा सांगाडा वर्षानुवर्षें तोच असे, आणि भांडीं ठेवण्याची कोठीही तेथेंच असे. हीं भांडीं भूर्जाच्या सालीचीं. ज्या भूर्जपत्रावर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्याच जातीच्या झाडाच्या सालीच्या पेट्यांत या लोकांनीं वर्षाची साखर भरून ठेवली. या कामांत पुढाकार स्त्रियांचा असे. झाडाला घाव कोठें घालावा, पाक केव्हां उतरावा, हें आजीनें नातीस शिकवावयाचें. त्याला पुस्तक नव्हतें.

ओजिब्वे आणि त्यांचे शेजारी मेनॉमिनी यांच्यांत या साखरेची एक कथा सांगतात. पूर्वीं झाडांतून तयार पाकच वाहत असे. लोक झाडाखालीं तोंड उघडून पडून राहूं लागले. तें पाहून त्यांच्या पुराणपुरुषानें रसांत इतकें पाणी मिसळलें कीं, पुढें गोडी हवी असेल त्यानें सरपण तोडावें आणि रस आटवावा. आळस हा घर मोडतो व श्रम घर बांधतात, असेंच जणूं या कथेला सुचवावयाचें आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ही विद्या मूळ रहिवाशांकडून उचलली व तिला लोखंडी कढयांची जोड दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर तिच्यावर फार मोठी आशा ठेवण्यांत आली. वेस्ट इंडीज बेटांतील उसाची साखर गुलामांच्या रक्ताघामानें पिकत होती. फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांनीं १७९१ सालीं थॉमस जेफर्सन यांना पत्ररूपानें एक निबंध लिहिला आणि स्वतंत्र कुटुंबांनीं केलेल्या मेपलच्या साखरेनें गुलामांची साखर हटवितां येईल, असें प्रतिपादन केलें. जेफर्सन यांनीं व्हर्जिनियांतील आपल्या मळ्यावर मेपलचीं रोपें लावविलीं. त्यांतील बहुतेक जगलीं नाहींत. आणि ज्या मळ्यावर तीं लावलीं, तेथेंही गुलामच राबत होते! ती आशा फळास आली नाहीं. पुढें उसाची साखर स्वस्त झाली, आणि मेपलची साखर मागें पडून तिचा पाकच तेवढा बाजारांत उरला.

या इतिहासांतील सर्वांत बोलका प्रसंग १८३७ सालचा आहे. त्या वर्षीं ओजिब्वे सरदारांकडून आज मिनेसोटा व विस्कॉन्सिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांतील विस्तीर्ण जमीन अमेरिकन सरकारनें तहानें घेतली. वाटाघाटीच्या वेळीं, गोरे ज्यांना फ्लॅट माउथ म्हणत त्या सरदारांनीं, जमीन द्यावयास आपले लोक राजी आहेत, परंतु झाडांपासून साखर करण्याचा हक्क त्यांना राखून ठेवावयाचा आहे, असें स्पष्ट सांगितलें. तहाच्या लेखांत मात्र शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करणें यांचाच उल्लेख आला. साखरेचा शब्द उतरला नाहीं. पुढें १८५० सालीं राष्ट्राध्यक्ष टेलर यांच्या हुकुमानें लेखांतले हक्कही काढून घेण्याचा यत्न झाला. अखेर १९९९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो हुकूम निष्प्रभ ठरविला आणि १८३७ चे हक्क कायम असल्याचा निर्वाळा दिला. मध्यंतरीं १६२ वर्षें लोटलीं होतीं. म्हणजे मेपलच्या चार पिढ्या!

इकडे व्हरमॉंट, न्यूयॉर्क आणि कॅनडांतील क्वेबेक या प्रांतांत शेतकरी कुटुंबांनींही ही परंपरा आपलीशी केली. उघड्यावरील कढईच्या जागीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुंद, उथळ काहिली आली व तिच्यावर साखरघराचें छप्पर चढलें. लांकडी बादल्यांच्या जागीं पत्र्याच्या आल्या. १९५९ नंतर प्लॅस्टिकच्या नळ्यांनीं रस झाडांपासून थेट साखरघरांत येऊं लागला. आज जगांतील मेपल पाकापैकीं शेंकडा सत्तरच्या आसपास एकट्या क्वेबेकांत तयार होतो, आणि त्या प्रांतानें २०२१ सालीं या मोसमास आपल्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. यंत्रें पुष्कळ आलीं, तरी पळीवरून पाक पडद्यासारखा ओघळूं लागला कीं तो उतरावा, ही जुनी खूण अद्याप घराघरांत शिकविली जाते. आणि कढत पाक बर्फावर ओतून त्याची चिवट मिठाई खाण्याचा मान मुलांचाच असतो.

परंतु पळी आणि खूण हातीं असून भागत नाहीं. जानेवारी १९९८ मध्यें गोठत्या पावसाचें भयंकर वादळ झालें. फांद्यांवर बर्फाचे थर चढून मेपलचीं असंख्य झाडें मोडलीं. काहिली दुसरी आणतां येते, चाळीस वर्षांचें झाड आणतां येत नाहीं. अलीकडे तर हवामान तापूं लागल्यानें अनेक ठिकाणीं मोसम लवकर येतो व लवकर सरतो. ज्या गोठत्या रात्रींवर सारें अवलंबून आहे, त्यांचाच भरंवसा कमी होत आहे.

वारसा म्हणजे आजोबांची कढई किंवा आजीची कृती, असें आपण सहज म्हणून जातों. मेपलचा इतिहास त्याहून अधिक कांहीं सांगतो. झाड उभें असावें, रात्रीं पाणी गोठावें आणि त्या झाडापाशीं जाण्याचा नातवंडांचा हक्क कोणीं हिरावून घेऊं नये. या तीन गोष्टी असतील तरच कढईचा उपयोग. १८३७ सालीं त्या सरदारांनीं जमीन देतांना नेमका हाच हक्क मागितला होता. वारशाचें मर्म तहाचा मसुदा लिहिणाऱ्यांपेक्षां त्यांनाच अधिक कळलें होतें.